टरफलांच्या दिवसांतला नाताळ

सकाळी फाटक उघडायला गेले आणि पायाखाली काहीतरी चिरडलं. खाली पाहायची गरजच नव्हती, वासावरूनच कळलं. अवरेकाई आली. अवरेकाई म्हणजे आपले पावटेच, पण बेंगळूरच्या माणसाला असं सांगाल तर तो तुम्हाला पुन्हा घरात घेणार नाही. इथे त्या शेंगेला स्वतःचा ऋतू आहे. मार्गशीर्षातलं धुकं उतरायला लागलं की शेंगांवर तेलकट दव धरतं, आणि तो उग्र, ओलसर वास बसवनगुडीच्या रस्त्यांवर संक्रांतीपर्यंत मुक्काम ठोकतो. हाताला लागला तर साबणानेही जात नाही. मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा खडूलासुद्धा तो वास येतो.

या दिवसांत घरोघरी एकच उद्योग, सोलणे. आधी शेंगा सोलायच्या, मग दाणे रात्रभर भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून त्याचीही साल काढायची. ओसरीवर बसून बायका बोलत राहतात, हात चालत राहतात, आणि टरफलं सुपात भरून थेट रस्त्यावर जातात. यात कुणाला काही गैर वाटत नाही. उलट मिरवणंच असतं ते. ज्याच्या दारापुढचा ढीग मोठा ते घर खाऊनपिऊन सुखी, असा इथला हिशेब. एखाद्या घरापुढे टरफलं दिसली नाहीत तर शेजारीण काळजीने विचारते, घरात बरं आहे ना सगळं? गाई येऊन थोडं खातात, म्हणजे पदरात पुण्यही पडलं. गाईंनी उरवलेलं, त्यांच्या शेणासकट, कोण उचलतं हा प्रश्न माझ्या जन्मात मी कुणाला पडलेला पाहिला नाही.

आणि आता हे नवीनच. काल आमच्या मराठी मंडळीच्या महिला समितीच्या तिघीजणी आल्या. मंडळी म्हणजे आमची प्रार्थनेची मंडळी. बेळगाव, धारवाड, नगरकडून नोकरीपायी इथे आलेली मूठभर ख्रिस्ती घरं. चहा झाल्यावर साळवेबाईंनी विषय काढला.

"सुशीलाबाई, यंदा नाताळात आपण रस्ता झाडणाऱ्या भगिनींचा सत्कार करतोय. एकेक शाल, एकेक हार. तुम्ही ख्रिस्ती प्रीती या विषयावर दहा मिनिटं बोला."

"कधी करताय?"

"सकाळी सातला. तेव्हाच त्या भेटतात ना!"

मी कपाळाला हात लावला. सकाळी सातला त्या भेटतात, कारण तेव्हा त्या गुडघाभर टरफलांत उभ्या असतात. म्हटलं, त्यांना विचारलंत का? तर साळवेबाई म्हणाल्या, "त्यात विचारायचं काय? चांगलंच तर करतोय आपण."

या वाक्याने माझ्या डोक्यात तिडीक जाते. साळवेबाईंचा काही दोष नाही. मी ज्या घरात वाढले तिथे हे वाक्य सकाळ-संध्याकाळ जेवायला असायचं, आणि ते म्हणणारी बाई माझी आई होती.

आई बेळगावची. मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली. प्रीती ही नुसती म्हणायची गोष्ट नाही, करायची आहे, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. वाईट एवढंच की ती करताना समोरच्या माणसाला काही काम असेल हे तिला सुचायचंच नाही. पोस्टमनला ती अंगणात बसवून सरबत पाजायची आणि त्याच्या पिशवीतली निम्मी गल्ली ताटकळायची. लाकडं फोडणाऱ्याची तिने एकदा प्रार्थना करून पाठदुखी घालवली. म्हणजे तो त्यानंतर कधी आलाच नाही. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि मंडळीचे सेक्रेटरी. त्यांनी आईपुढे फार पूर्वीच हात टेकले होते.

डिसेंबर लागला की आईची ही प्रीती उतू जायची. घरात करंज्यांचा घाणा, कुलकुलांचे गोड शंख वळायला काटे-चमचे कमी पडायचे, केकचं पीठ पातेल्यात कालवून कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत पाठवायचं, आणि ते करपून येईल का या चिंतेने सगळ्यांना घेरायचं. आणि या सगळ्या गडबडीत रोज सकाळी आमचा रस्ता झाडणाऱ्या बाईला आई फाटकातून हाक मारायची.

"मुनियम्मा, ये. आत ये. बस की गं स्वल्प."

सगळा रस्ता तिला मुनियम्मा म्हणायचा. कार्पोरेशनची बाई, चाळिशी उलटलेली, काटक, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. ती खराटा भिंतीला टेकवून आत यायची, कारण आईला नाही म्हणणं सोपं नव्हतं. आई तिला खाली बसू द्यायची नाही. खुर्चीवरच बसवायची, आमच्याच कपात चहा द्यायची. शेजारपाजारच्या घरांत तिला अंगणाच्या आत पाऊल टाकू देत नसत त्या काळी. तेव्हा आईचं हे करणं लहान नव्हतं, आणि मला त्याचा अभिमानही होता. पण चहानंतर आई शुभवर्तमान उघडायची. आपल्या बेळगावी कन्नडात तिला प्रभूच्या प्रीतीविषयी सांगायला लागायची. आणि मुनियम्मा खुर्चीच्या अगदी कडेला टेकून, करंजी हातात तशीच धरून, आमच्या खिडकीतून रस्त्याकडे बघत राहायची.

मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. मला वाटायचं, हिला ऐकायचं नाहीये. आईला वाटायचं, हिच्या डोळ्यांत पाणी येतंय.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतेय त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. सकाळी तोंडातून वाफ निघायची, आणि रस्त्यावरची टरफलं दवाने चिंब होऊन दगडाला चिकटून बसायची. खराट्याने निघायची नाहीत. मुनियम्मा खाली वाकून नखांनी ती खरवडायची. तो खर्र खर्र आवाज ऐकत मी अभ्यास करायचे. आमच्या दारापुढेही ढीग असायचाच. बाबांना अवरेकाईची उसळ फार आवडायची आणि आई म्हणायची, सोललेलं घरात ठेवलं तर मुंग्या होतात.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आईने तिला पुन्हा बसवलं. त्या दिवशी खास कार्यक्रम होता. नवं लुगडं, करंज्यांचा डबा, आणि ख्रिस्तजन्माचा वृत्तांत, पहिल्यापासून. गोष्ट जेमतेम गव्हाणीपाशी पोचली असेल, मुनियम्मा तिसऱ्यांदा खिडकीकडे वळली. माझा संयम सुटला. मी म्हटलं, "काय आहे तिकडे? अम्मा एवढं सांगतेय आणि तू बाहेर काय बघतेस?"

ती दचकली. करंजी खाली ठेवली. मग एकदम बोलायला लागली, आणि इतक्या दिवसांत आम्ही तिचं एवढं बोलणं कधी ऐकलं नव्हतं.

"काय करू अक्का? अजून दोन रस्ते राहिलेत. मेस्त्री सायकलवर येतो, रस्ता झाला नसेल तर चौकात उभी करून ओरडतो. रोज अम्मा बसवते, रोज मी ओरडून घेते. आजचं जाऊ दे. उद्या माझ्या नातीचा बाप्तिस्मा आहे. आठच्या उपासनेला. माझी मुलगी बाळंतपणापासून अंथरुणात आहे, बाळाला पाळकापुढे मीच न्यायची आहे. मेस्त्रीने रजा दिली नाही. म्हणाला, टरफलांच्या दिवसांत रजा? रस्ता स्वच्छ दाखव आणि मग जा कुठे जायचं ते. आणि उद्या सकाळी हा रस्ता कसा असेल, तुम्हीच सांगा."

मेस्त्री म्हणजे त्यांचा मुकादम, तेवढं कळलं. आईचं बोट अजून त्या ओळीवर होतं.

"बाप्तिस्मा?" आई म्हणाली. "म्हणजे... तू ख्रिस्ती?"

"आजोबांपासून, अम्मा. आमचं तेलुगू देऊळ आहे, वस्तीत."

"आणि मुनियम्मा?"

"मुनियम्मा माझ्या आधी होती ह्या रस्त्याला. ती वारली. लोक मलाही तेच म्हणायला लागले. माझं नाव सारम्मा."

इतके नाताळ आईने तिला जी गोष्ट सांगितली ती तिला पाठ होती. आणि इतके नाताळ ती स्वतःच्या देवळात पोचली नव्हती, कारण त्या सकाळी ती आमच्या दारातली टरफलं खरवडत होती, आणि मग आमच्या खुर्चीवर बसून ती गोष्ट ऐकत होती. मला हसू की रडू कळेना. आई मात्र लगेच कामाला लागली, म्हणजे चुकीच्या कामाला. "सुशी, ती झालरीची टोपडी काढ. केकचा मोठा तुकडा बांध. अगं सारम्मा, बाळाला झबलं आहे का? साहेबांना सांगून मेस्त्रीला चिठ्ठी..."

"अम्मा, बेडा," सारम्मा म्हणाली. नको. तिने हात जोडले, पण आवाजात वैतागच होता. "झबलं आहे. केक बेडा. चिठ्ठी दिली तर तो नंतर माझ्यावर काढेल. एकच करा. आज रात्री रस्त्यावर टरफलं टाकू नका. लोकांनाही सांगा. माझं कोण ऐकतंय, तुमचं ऐकतील. रस्ता मोकळा असला तर मी साडेसातला सुटते."

एवढंच. ना शाल, ना लुगडं. टरफलं टाकू नका. आईने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "सरी." बरं. आणि चप्पल घालून बाहेर पडली.

नाताळच्या आदल्या दिवशी, घरात करंज्यांचं सारण उघडं, केक भट्टीत, संध्याकाळी गायनमंडळी येणार, आणि माझी आई दारोदार टरफलांचा प्रचार करत फिरत होती. मला तिच्याबरोबर जावं लागलं, कारण मराठी-कन्नड दोन्हींत भांडायला एक माणूस पुरत नाही. पहिलंच घर रुक्माक्कांचं. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळी इथे आले असं त्या सांगत, आणि हा रस्ताही तेव्हापासून त्यांचाच आहे अशा थाटात वागत.

"टरफलं टाकायची नाहीत?" रुक्माक्का म्हणाल्या. "मग काय देवघरात ठेवायची? ह्या दिवसांत सगळेच टाकतात हो. रस्ता कार्पोरेशनचा आहे, झाडणारी कार्पोरेशनची आहे. तुम्हाला कशाला त्रास?"

"तिच्या नातीचं नामकरण आहे अक्का उद्या," आईने सांगितलं. बाप्तिस्मा म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

"अय्यो, मग रजा घ्यायची!"

पुढच्या घरी हसले. त्यापुढच्या घरी विचारलं, ही तुमच्या धर्मातली काही रीत आहे का? एका म्हाताऱ्या अण्णांनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या दारापुढे टरफलं दिसली नाहीत तर लोक म्हणतील मुलाची नोकरी गेली. आई कुणालाच चिडून बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसला, माझ्या पायाचे तुकडे पडले, आणि केक करपून आला.

आणि तरी, दिवे लागले तेव्हा रस्ता मोकळा होता. अगदी मोकळा. त्या अण्णांनी टरफलं परसात टाकली होती. रुक्माक्कांनी तर भलीमोठी टोपली फाटकाच्या आत, पण रस्त्यावरून दिसेल अशी, ठेवली होती. मिरवणंही राहिलं आणि आईचा शब्दही राहिला. आई फाटकात उभी राहून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी उपासनेतही पाहिला नव्हता.

मग आली आमची गायनमंडळी. कंदील, डफ, गळ्यातली पेटी, पंधरावीस माणसं, पुढे शमुवेलकाका. मंडळीतल्या घरांसाठी म्हणून निघायचे आणि येताजाता सगळ्या रस्त्याला ऐकवायचे. बाबा खूश होऊन बाहेर आले. बसवण्णाच्या देवळापुढच्या जत्रेतून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा घरात पोतंभर होत्या. बाबांनी त्या गरमागरम भाजून घेतल्या होत्या आणि ओंजळीओंजळीने प्रत्येकाच्या खिशात भरल्या. आई आत कॉफी गाळत होती. मी ट्रे घेऊन बाहेर आले तोवर मंडळी गात गात पुढे निघाली होती. देवाच्या प्रीतीचं गाणं. थंडीत आवाज लांबवर जात होता. कडवं संपलं की कट्, कट्, शेंगा फुटत होत्या, आणि टरफलं डावीउजवीकडे पडत होती. रस्त्याच्या शेवटापर्यंत. मग वळून, पलीकडच्या बाजूने, परत.

मी आईला बोलावलं नाही. ती आपणच आली. शेजारपाजारच्या सगळ्या परक्या लोकांनी ऐकलं होतं, आणि आपल्यांनी तेवढं ऐकायचं राहिलं होतं, कारण आपल्यांना सांगावं लागेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"बाबांना काही बोलू नको," एवढंच म्हणाली.

सकाळी उठले तर अंथरुणात आई नव्हती. बाहेर धुकं, आणि धुक्यातून तो खर्र खर्र आवाज. नाताळची नवी रेशमी साडी कमरेला खोचून आई रस्ता झाडत होती. आमचा अंगणातला खराटा, तोही झिजलेला. मी टोपली घेऊन मागे गेले. चिडचिड करतच गेले, खोटं कशाला सांगू. टरफलं रात्रीच्या दवाने दगडांत रुतली होती. आम्हाला धड येत नव्हतं. निम्मी निघायची, निम्मी पुढे सरकायची.

बाबा कोटबूट घालून फाटकात आले. "अगं, नऊची उपासना आहे. पेटी कोण वाजवणार?"

"शमुवेलकाकांना सांगा," आई म्हणाली. "त्यांचे हात मोकळे आहेत."

बाबा एकटेच बसस्टॉपकडे गेले. आई नाताळच्या उपासनेला त्याआधी एकदाही चुकली नव्हती, माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा नाही.

शेजारचे रस्ते उरकून सारम्मा आली तेव्हा आम्ही निम्म्यात होतो. ती आईला बघून थिजलीच. "अम्मा! काय करताय? मेस्त्री बघेल. म्हणेल, काम दुसऱ्याला दिलं!" तिने खराटा खेचला. आईने सोडला नाही. रुक्माक्का फाटकात येऊन बघत होत्या.

"तू जा," आई म्हणाली. "त्याचं मी बघते. बाळाला कोण धरणार? जा आधी."

सारम्माने रस्त्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. धन्यवाद वगैरे काही म्हणाली नाही. डोक्याचं फडकं सोडलं, हात झटकले आणि पळत सुटली. त्या वयात मी कुठल्या बाईला तसं पळताना पाहिलं नव्हतं.

मेस्त्री आला, सायकलवरून उतरला, आणि रेशमी साडीतल्या बाईच्या हातात खराटा बघून म्हणाला, "ह्या कामाला आमची बाई आहे, अम्मा."

"ती देवळात गेली. मी पाठवली. रस्ता बघून घ्या."

त्याने बघून घेतला. अगदी कोपऱ्यापर्यंत जाऊन बघितला. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि गेला.

आम्ही उपासनेला पोचलो तेव्हा शेवटचं गाणं चाललं होतं. नंतरच्या प्रीतिभोजनात सगळी मंडळी एका पंगतीत बसते, ही आमच्यात मोठ्या अभिमानाची गोष्ट. आईच्या नखांत अडकलेली टरफलं बघून कुणीतरी विचारलं, शेंगा सोलत होतात का? आईने शमुवेलकाकांना विचारलं, "काल शेंगांची टरफलं कुठं टाकलीत हो?" काका म्हणाले, "रस्त्यावर. मग काय खिशात ठेवायची?" सगळी पंगत हसली. बाबाही हसले. आई हसली नाही, आणि जेवलीही नाही फारशी.

दुसऱ्या दिवशी सारम्मा आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. आई सकाळपासून वाट पाहत होती. कबूल करत नव्हती, पण करंज्यांचा डबा तीनदा पुसून झाला होता. फाटकाशी खराट्याचा आवाज आला तशी धावत गेली. सारम्माच्या पाठीशी जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत बाळ. मुलगी अजून पडूनच होती, घरी बघायला कुणी नाही, म्हणून कामावर घेऊन आली होती.

"पोचलीस का गं वेळेत?" आईने विचारलं.

"पोचले. पाळक पाण्यापाशी उभे होते. मीच धरली हिला." मग जरा थांबून, "पण अम्मा, तुम्हाला झाडता येत नाही. त्या कोपऱ्यात सगळं तसंच होतं. काल मेस्त्रीने दिवसभर दुसऱ्या वॉर्डात नाल्यावर लावलं, आणि आज चौकात सगळ्यांपुढे शिव्या दिल्या."

आईचा चेहरा पडला. नाताळ चुकवला, साडी वाया गेली, आणि वर हे. मला वाटलं, आता आई म्हणणार, चांगलंच तर केलं होतं मी. तोंड उघडलंही तिने. पण मिटून घेतलं. आत ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. फाटकाबाहेर जाऊन नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "सांग, मी काय करू?"

सारम्माने झोळी सोडली आणि बाळ आईच्या हातात दिलं. रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. रुक्माक्का बघत होत्या. बाळाच्या कपाळाला अजून तेल होतं. आई दोन्ही हातांनी तिला धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि सारम्मा खराटा घेऊन तिच्या भोवतीची टरफलं काढायला लागली. झाडत झाडत ती आईच्या पायांपाशी आली आणि मान वर न करता म्हणाली, "अम्मा, स्वल्प सरका."

आई सरकली.